मनाली ते खारदुंग ला सायकल चॅलेंज: पुण्याच्या बॅचबरोबर जाऊन आले, पैसे भरायच्या आधी हे वाचा

मनाली ते लेह आणि तिथून वर खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), असं सगळं मिळून ५०० किमीच्या थोडं वर जाणारं सायकल चॅलेंज यंदा जुलैत पुण्यातल्या एका आयोजकाबरोबर केलं आणि परत आल्यापासून सिंहगड पायथा म्हणा, खडकवासला म्हणा, जिथे सायकलवाले भेटतात तिथे एकच प्रश्न, कसं होतं, जावं का, एवढे पैसे घेतात ते वर्थ आहे का. तर हो, जावं. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय आणि ते वाचल्याशिवाय बुकिंग करू नका.

आयोजकाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ह्या रूटवर जाणारे बहुतेक सगळेजण साधारण हेच पॅकेज देतात, सपोर्ट गाडी, तंबू, जेवण, मेकॅनिक, जर्सी, मेडल, आणि फोटो तर सगळ्यांचे सारखेच. खरा फरक पडतो तो फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींनी. माझं स्पष्ट मत सांगते, ही सर्व्हिस चांगली की वाईट हे दोनच गोष्टींवर ठरतं, रोज रात्री तुम्हाला किती उंचीवर झोपवतात आणि सगळ्यात मागे राहिलेल्या माणसाला कसं सांभाळतात. पहिल्यात आमच्या लोकांना जवळपास पूर्ण मार्क, दुसऱ्यात माणसं सोन्यासारखी पण नियम चुकीचे.

फॉरमॅट असा की रोहतांग, बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला, तांगलांग ला आणि शेवटी खारदुंग ला ह्या सहा खिंडी, प्रत्येक खिंडीवर पोचायची ठराविक वेळ, वर आयोजकाचा माणूस कार्डावर शिक्का मारणार, सहाही शिक्के असतील तर फुल फिनिशरचं मेडल, आणि शिवाय वेळेप्रमाणे नंबर काढणार. जे वेळेत पोचणार नाहीत त्यांना गाडीत घेणार. एकटं जाण्यापेक्षा ग्रुपने जाण्यात सोबत असते, सामान गाडीत असतं, ट्यूब फुटली तर मेकॅनिक असतो, आणि घरच्यांनाही जरा धीर राहतो, हे सगळं खरंच आहे.

तयारी मार्चपासून पुण्यातच सुरू झाली आणि ह्या भागाला मी मनापासून दाद देते. दर रविवारी ठरलेली राइड, कात्रज, बोपदेव, लवासाचा रस्ता, एकदा पसरणी घाटाने पाचगणी, आणि सिंहगड तर किती वेळा ते विचारूच नका. पुण्याच्या माणसाला घाट नवीन नाही पण इथला घाट आणि तिकडचा घाट ह्यात फार फरक आहे हे आमच्या लीडने, म्हणजे ग्रुपच्या प्रमुखाने, पहिल्याच मीटिंगमध्ये नीट समजावलं. सिंहगडाचा रस्ता ९ किमीच्या आसपास आणि त्यात साधारण ६०० मीटर चढ, काही वळणांवर तर पेडल फिरत नाही. तिकडचे रस्ते लष्कराचे लोड भरलेले ट्रक चढावेत म्हणून आखलेले, त्यामुळे चढ बहुतेक ठिकाणी ४-५ टक्क्यांचाच, पायाला सोपा, पण संपायचं नाव नाही. लेहहून खारदुंग ला साधारण ४० किमी आणि चढाई १८०० मीटरच्या वर, म्हणजे सिंहगड एकावर एक तीन वेळा रचा आणि मध्ये एकदाही उतार देऊ नका. वर गेल्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. त्यामुळे लीडचं म्हणणं असं की वेग वाढवायच्या मागे लागू नका, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या श्वासात, हलक्या गिअरवर चार-चार तास बसून चढायची सवय लावा. हा सल्ला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

मेडिकलच्या बाबतीत पण लोक कडक होते. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना स्ट्रेस टेस्ट कम्पल्सरी, हिमोग्लोबिन आणि बीपीचा रिपोर्ट, आणि एका संध्याकाळी डॉक्टरांचं सेशन ज्यात त्यांनी विरळ हवेचा आजार काय असतो, डोकेदुखीपर्यंत ठीक पण चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागायला लागली तर तो मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी साठायला लागल्याचा इशारा असतो आणि त्यावर खाली उतरवणं हाच उपाय, हे सगळं स्पष्ट सांगितलं. डायमॉक्स ह्या उंचीच्या त्रासासाठी घेतात त्या गोळीबद्दल पण बोलले. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती गोळी घेऊच नये, आणि गोळी घेतली म्हणून भराभर चढायला मोकळीक मिळते असं अजिबात नाही. माझ्या ओळखीतले बरेचजण अजूनही मेडिकलच्या दुकानातून स्वतःच घेऊन खातात, कृपा करून तसं करू नका.

सायकली टेम्पोने पुण्याहून मनालीला गेल्या, आम्ही विमानाने चंदीगड आणि पुढे बसने. सायकल खोक्यात कशी भरायची ते त्यांनी वर्कशॉप घेऊन दाखवलं, माझ्या सायकलला ओरखडासुद्धा नाही. ह्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता झोपण्याच्या उंचीचं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलात तर चालतं. आता मनाली-लेह रस्ता असा की नियम पाळायचा तर मुद्दाम थांबत जावं लागतं आणि थांबणं म्हणजे आयोजकाचा खर्च, तंबू, जेवण, गाड्यांचं भाडं सगळं एका दिवसाने वाढतं. म्हणून स्वस्तातली पॅकेजेस जिस्पाहून, म्हणजे ३२०० मीटरवरून, थेट सरचूला ४२९० मीटरवर झोपायला नेतात. एका दिवसात हजार मीटर वर! आणि मग लोक सरचूची रात्र आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र म्हणून सांगत बसतात. आमच्या लोकांनी मनालीत दोन रात्री, मग मढी, रोहतांग ओलांडून सिस्सूला खाली, जिस्पाला दोन रात्री ज्यात मधल्या दिवशी दारचा गावाच्या पुढे सायकलने वर जाऊन परत खाली, मग पात्सेओला तंबू, आणि मग बारालाचा पार करून सरचू. ब्रोशरमध्ये हे दिवस बघून मला पण वाटलं होतं की किती रेंगाळतायत, पण पॅकेजमधले जास्तीचे पैसे जर कुठे गेले असतील तर ते ह्याच दिवसांत गेलेत आणि ते वसूल झाले.

रोहतांगचा दिवस सुंदर होता. ९ किमीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लेहकडे जाणारे ट्रक आणि गाड्या बोगद्यातून जातात, जुन्या घाटाने फक्त परमिट काढलेल्या टुरिस्ट गाड्या, त्याही पहाटे कमीच. गुलाबा नावाच्या जागेच्या पुढे धुकं, देवदार, मग झाडं संपतात आणि नुसती हिरवी कुरणं, ३९७८ मीटरवर खिंड. पलीकडे लाहौलमध्ये उतरताना तर रस्ता जवळपास आपलाच. बोगद्यातून गेलो असतो तर हे सगळं चुकलं असतं, शिवाय उंचीची सवय पण झाली नसती, म्हणून कुठलाही आयोजक रोहतांग गाळत असेल तर का ते विचारा.

तांडीला चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम लागतो. तिथून पुढे तिला चंद्रभागा म्हणतात, खाली जाऊन तीच चिनाब. आमच्या ग्रुपमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, वारी करणारे, त्यांनी सायकल कठड्याला लावली, हेल्मेट काढलं आणि हात जोडले, मग आम्ही पण सगळे थांबलो. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा, ही नदी वेगळी, पण आषाढ चालू असताना ते नाव समोर आल्यावर कोण पुढे जाईल. त्याच तांडीला पेट्रोल पंप आहे आणि पुढचा पंप ३६५ किमीवर अशी ती प्रसिद्ध पाटी.

पात्सेओहून निघालो तेव्हा अंधारच होता. ह्याचं कारण नाले. जुलैत दिवसभर ऊन पडून बर्फ वितळतो आणि दुपारनंतर ते पाणी रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांत येतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता मांडीपर्यंत. झिंगझिंगबारच्या पुढच्या नाल्याला आम्ही पोचलो तेव्हा पाणी नडगीच्या खाली होतं. बूट-मोजे काढून हँडलला बांधले, पायात क्रॉक्स, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची म्हणजे पाण्याने ती आपल्यावर ढकलली जात नाही, आणि दगड पायाने चाचपत चालायचं. तिसऱ्या-चौथ्या पावलाला पाय आहेत की नाहीत तेच कळेना. पलीकडे सपोर्टचा मुलगा टॉवेल आणि काळा चहा घेऊन उभा, प्रत्येकाचे पाय पुसून कोरडे झाल्याशिवाय बूट घालू देत नव्हता, "ताई, बोटांच्या मधे पण पुसा." ही असली काळजी पैशात मोजता येत नाही. सूरज ताल, मग बारालाचा, ४८५० मीटरच्या आसपास, वर वारा इतका की शिक्का मारून घेतला आणि लगेच खाली.

आणि सरचू. इथे मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायचीय. सरचू ही जागा फसवी आहे, कारण एका बाजूला बारालाचा, दुसऱ्या बाजूला नकी ला आणि लाचुलुंग ला, म्हणजे कोणाला बरं वाटेनासं झालं आणि खाली न्यायचं ठरलं तर कुठल्याही दिशेला आधी वर चढून मगच खाली उतरता येतं. त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागतो. आमच्यात पिंपरीचा एक तरुण मुलगा होता, अत्यंत स्ट्रॉंग रायडर, रोहतांग आणि बारालाचा दोन्हीला पहिला. संध्याकाळी तो जेवायला आला नाही. लीड रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर घेऊन तंबूत फिरायचा, ह्या मुलाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली, आणि विचारल्यावर कळलं की डोकं जिस्पापासूनच दुखतंय पण नंबर जाईल म्हणून बोलला नव्हता. लीडने त्याला दोन तंबूंमधल्या सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं, तोल जात नव्हता, पण लीडने सकाळची वाट बघितली नाही. "आत्ता निघायचं," एवढंच. ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, गाडीत एक जण सोबत दिला आणि उजेड असतानाच त्याला बारालाचापलीकडे केलाँगला रवाना केलं. दुसऱ्या दिवशी सॅटेलाइट फोनवर निरोप आला की तो बराय. पुढे तो मनालीमार्गे घरी गेला, चॅलेंज अर्धं राहिलं, पण मुलगा सुखरूप आला.

लीडला माझ्याकडून दंडवत. पण मला प्रश्न विचारायचाय तो आयोजकाला, की अशा रस्त्यावर नंबर काढायचेच कशाला? वेळेची मर्यादा मी समजू शकते, अंधार, वारा, नाले ह्या सगळ्यासाठी ती लागते. पण पहिला-दुसरा-तिसरा केलं की लोक डोकेदुखी लपवतात, पाणी कमी पितात, पहिल्याच चढावर श्वास घालवतात. उंचीवर फिट माणसाला जास्त धोका असतो असं नाही पण फिट माणूस जास्त भराभर वर जातो आणि तिथे घात होतो. डॉक्टरांच्या सेशनमध्ये "सावकाश" सांगायचं आणि खिंडीवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, ह्या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. स्टार कापला त्याचं पहिलं कारण हे.

गाटा लूप्स म्हणजे २१ वळणं, एकावर एक, खाली बघितलं की आपणच चढून आलेला रस्ता दिसतो. चढ इतका सारखा आहे की एकदा लय लागली की मजा येते. मधे एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे, पूर्वी कधी तिथे अडकून मेलेल्या ट्रकच्या क्लीनरसाठी लोक ठेवतात असं सांगतात, आम्ही पण एक ठेवली. ह्याच चढावर ग्रुपमधल्या एका ताईची सायकल पडली आणि गिअर बदलणारा मागचा डीरेलर जिथे बसतो तो हँगर आत वाकला, मोठ्या गिअरला चेन थेट स्पोक्समध्ये जायला लागली. स्पेअर हँगर होता पण तो तिच्या फ्रेमला बसेना. मेकॅनिक दादाने काय केलं, डीरेलर खोलला, दुसऱ्या सायकलचं जुन्या पद्धतीचं मागचं चाक काढून त्याचा एक्सल हँगरच्या आट्यांत फिरवून बसवला, म्हणजे आता दोन चाकं शेजारी शेजारी, आणि मग ते बाहेरचं चाक हातात धरून हळूहळू ओढत गेला, वर-खाली, पुढे-मागे अंतर बोटांनी मोजत, दोन्ही चाकं समांतर येईपर्यंत. साडेचार हजार मीटरवर, वाऱ्यात, हातमोजे काढून. गिअर पुन्हा बसवल्यावर सायकल लेहपर्यंत एकदाही कुरकुरली नाही. असा मेकॅनिक सोबत असेल तर कुठेही जावं. तुम्ही मात्र आपल्या सायकलचा स्पेअर हँगर पुण्यातूनच घेऊन जा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तो लेहमध्ये मिळेल ह्या भरवशावर राहू नका. ब्रेक पॅडचा पण एक सेट, कारण उतार लांब आहेत आणि रेतीने पॅड भराभर झिजतात.

जेवणाला दहापैकी दहा. उंचीवर भूक मरते आणि खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी पाय चालत नाहीत, त्यामुळे आचारी कसा आहे ह्याला फार महत्त्व आहे. सरचूच्या उंचीवर पाणी ८५-८६ अंशालाच उकळतं, भात उघड्या पातेल्यात शिजतच नाही, सगळं कुकरमध्ये. गरम खिचडी, राजमा, लसूण घातलेलं सूप, थुक्पा, सकाळी पोहे किंवा उपमा. काकांनी पुण्याहून मेतकूट आणलं होतं, सरचूला कोणालाच काही जाईना तेव्हा मऊ भात, तूप आणि मेतकूट असा बेत झाला आणि सगळ्यांनी ताट पुसून खाल्लं, आचारी बुवांनी तर उरलेलं मेतकूट मागून घेतलं. पाणी रोज चार-पाच लिटर पाजायचेच, बाटली रिकामी करून दाखवल्याशिवाय सोडत नव्हते.

बायकांसाठी एक गोष्ट जी कोणीच लिहीत नाही. बारालाचाच्या पुढे झाड नाही, झुडूप नाही, मोरे प्लेन्सवर तर क्षितिजापर्यंत सपाट. पाणी भरपूर प्यायचं आणि जायला आडोसा नाही, ह्यामुळे बायका पाणी कमी पितात आणि मग आजारी पडतात. आम्ही पुण्यातच मीटिंगमध्ये हा विषय काढला आणि आयोजकाने काहीही कटकट न करता उघडमीट करायचा टॉयलेट तंबू दोन्ही गाड्यांत ठेवला, शिवाय सॅनिटरी पॅड, कचऱ्याच्या वेगळ्या पिशव्या, सगळं. ग्रुपमध्ये महिला लीड नव्हती, ती असायला हवी असं आम्ही त्यांना लिहून दिलंय.

आता दुसरी तक्रार, आणि ही मोठी आहे. पांग ते रुमत्से हा टप्पा एका दिवसात ठेवला होता. म्हणजे पांगहून वर चढायचं, मग मोरे प्लेन्सचं ४० किमी पठार, मग डेब्रिंगपासून तांगलांग ला, ५३०० मीटरच्या वर, आणि पलीकडे उतरून रुमत्से. सगळं मिळून शंभरच्या घरात आणि तेही ४६०० च्या वर झोपून उठल्यावर. मोरे प्लेन्सवर सकाळी रस्ता अप्रतिम, गुळगुळीत, दूरवर चांगपा मेंढपाळांच्या मेंढ्या, दोन्ही बाजूला तपकिरी डोंगर, सायकल आपोआप पळते. पण दुपारी समोरून वारा सुटला की सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं होतं. आणि तांगलांगच्या माथ्यावर तीनची वेळ. निम्म्याहून जास्त लोक गाडीत घेतले गेले त्या दिवशी.

काकांचं सांगायलाच पाहिजे. काका रोज शेवटी असायचे आणि रोज पोचायचे. त्यांच्या मागे जी गाडी चालायची तिचा ड्रायव्हर लाहौलचा, त्याचं काम मी दोन दिवस जवळून बघितलं. इंडिकेटर लावून बऱ्यापैकी अंतर ठेवून मागे, कधी हॉर्न नाही, कधी शेजारी येऊन "बसता का" नाही, काका थांबले की तो थांबायचा आणि उतरून दुसरीकडे बघत उभा राहायचा. शेवटच्या माणसाला आपण कोणाचा खोळंबा करतोय असं वाटू नये हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे. तांगलांगच्या चढावर काका माथ्यापासून थोडेसेच लांब होते, ऑक्सिमीटर व्यवस्थित, बोलत होते, हसत होते, आणि तीन वाजले म्हणून वेळ बघणाऱ्या माणसाने त्यांना गाडीत बसवलं. काका एक शब्द बोलले नाहीत. पण मला ते फार लागलं. कटऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा, पाळायलाच हवी, ती मोडा असं मी म्हणत नाहीये, म्हणणं एवढंच की डेब्रिंगला मुक्काम टाकला असता तर तांगलांगची खिंड सकाळच्या शांत हवेत लोकांनी आरामात केली असती, आणि तो एक दिवस प्लॅनमध्ये होता, तो लेहच्या साइटसीइंगला ठेवलेला होता! लेहला आल्यावर आम्ही सगळ्यांनी बसून हे सांगितलं. आयोजकाने ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पुढच्या बॅचला डेब्रिंग टाकतो म्हणाले. टाकलंय की नाही ते बुकिंगच्या आधी प्लॅनमध्ये बघून घ्या.

रुमत्सेपासून ग्या, लाटो, मग उपशीला सिंधू भेटते आणि तिथून कारू, ठिकसे, शे करत लेह. जांभळ्या-लाल डोंगरांच्या मधून उतार, जव, मोहरीची पिवळी शेतं, इतक्या दिवसांनी हिरवं बघून डोळे भरून येतात.

खारदुंग ला ला काका गेले आणि वेळेत गेले, हे आधी लिहिते. पहाटे लेहहून निघालो, साउथ पुल्लूपर्यंत रस्ता चांगला, पुढे कुठे चांगला कुठे उखडलेला, वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर, आणि नुब्राकडे जाणाऱ्या टुरिस्ट गाड्यांचा धूर. शेवटच्या टप्प्यात दर किलोमीटरला उतरून श्वास घ्यावा लागला. वर जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहायचे, पण जीपीएसने मोजलेली उंची ५३५९ मीटर म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर आहे, आणि जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता २०२१ पासून पूर्व लडाखमधल्या उमलिंग ला चा होता, २०२५ मध्ये तो मान तिथल्याच मिग ला कडे गेला. त्याने काही फरक पडत नाही, चढताना एकेक मीटर खराच असतो. लीडने वर २० मिनिटांपेक्षा जास्त कोणाला थांबू दिलं नाही, चहा, फोटो, खाली. काकांच्या कार्डावर तांगलांगचा शिक्का नाही म्हणून त्यांना फुल फिनिशरचं मेडल नाही मिळालं, हा नियम बदलावा ही माझी जाहीर विनंती.

पैशाचं. सायकल भाड्यासकट ५० हजारांच्या आतबाहेर पडतं, विमान वेगळं. कमी नाहीये, पण भरताना आकडा बघू नका, हे विचारा: जिस्पा आणि सरचूच्या मधे मुक्काम आहे का, ऑक्सिजन सिलिंडर किती आणि गाड्या किती, एक गाडी आजारी माणसाला घेऊन गेली तर मागच्या सायकलवाल्यासाठी दुसरी उरते का, रस्ता बंद झाला तर जादा दिवस धरलाय का. शेवटचं फार महत्त्वाचं, जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुरात कुल्लू-मनालीचा हायवेच वाहून गेला होता, पावसाळ्यात त्या बाजूला दरडी नेहमीच्याच, त्यामुळे परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नका. इन्शुरन्स घेताना तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे ते पॉलिसीत वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसी एवढ्या उंचीला चालत नाहीत. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घ्या, तरी सरचू-पांगच्या भरवशावर राहू नका, घरी आधीच सांगून ठेवा.

भाड्याच्या सायकली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, आहेत, गिअर भरपूर हलके, चढाला एकदम योग्य, पण ब्रेक पॅड काहींचे झिजलेले निघाले, मनालीत टेस्ट राइडच्या दिवशी ते बदलून घेतले, तुम्ही पण तिथेच तपासा, रोहतांगच्या उतारावर नको. स्वतःची हायब्रिड किंवा ग्रॅव्हल नेणार असाल तर मागे ३४ दातांची कॅसेट आणि किमान ३५ एमएमचे टायर. उंची कमी असलेल्या मुलींसाठी स्मॉल फ्रेमच्या सायकली मोजक्याच असतात आणि त्या आधी संपतात, त्यामुळे बुकिंगच्या वेळीच फ्रेम साइझ लिहून घ्यायला लावा.